मूत्रपिंडरक्षण व रक्तदाब (अत्यवस्थ रुग्णांतील)

अत्यवस्थ रुग्णाचा रक्तदाब पुरेसा राखून मूत्रपिंडांचे कार्य टिकवण्याची उपचारपद्धती. सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर उद्भवणारी गंभीर अवस्था), लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश, मोठा रक्तस्राव अशा अवस्थांत रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडांना तीव्र इजा होते. भातशेतीच्या, भरपूर पावसाच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात यांपैकी लेप्टोस्पायरोसिस व सर्पदंश ही कारणे विशेष महत्त्वाची आहेत.

शरीरक्रिया : हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना मिळतो. दाब थोडा वरखाली झाला तरी तेथील सूक्ष्म रोहिण्या आकुंचन-प्रसरण पावून प्रवाह स्थिर ठेवतात. सरासरी रोहिणीदाब फार उतरला की हे नियमन अपुरे पडते व रक्त गाळण्याचे काम मंदावते. रक्तदाबाच्या खालच्या आकड्यात वरच्या व खालच्या आकड्यांतील फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की हा सरासरी दाब येतो. १२०/८० असता तो सुमारे ९३ मिमी. पारा असतो. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, तसेच रामिप्रिल, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधे या नियमनात अडथळा आणतात; म्हणून अशा अवस्थेत ती थांबवतात.

निदान : रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ४८ तासांत ०.३ मिग्रॅ. प्रति डेसिलि. वाढणे, ७ दिवसांत मूळच्या दीडपट होणे, किंवा सलग ६ तास लघवी वजनाच्या दर किलोमागे ताशी ०.५ मिलि.हून कमी होणे, हे तीव्र इजेचे २०१२ पासूनचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. ५० किलोच्या व्यक्तीत ही मर्यादा ताशी २५ मिलि. येते.

लक्ष्य व उपचार : सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळल्यास सुरुवातीस सरासरी दाब ६५ मिमी. पारा ठेवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील सेप्सिसपॅम चाचणीत ८०–८५ दाब राखल्याने मृत्यू घटले नाहीत आणि हृदयाची अनियमित लय वाढली. मात्र आधीपासून उच्च रक्तदाब असलेल्यांत डायलिसिसची गरज कमी भासली. त्यामुळे रुग्णाचा नेहमीचा दाब विचारून लक्ष्य ठरवणे योग्य. आधी शिरेवाटे क्षारद्रव देतात. तेवढ्याने दाब सावरला नाही तर रक्तवाहिन्या आकुंचित करणारे नॉरॲड्रेनॅलिन सुरू करतात, गरजेनुसार व्हॅसोप्रेसिनची जोड देतात. कमी मात्रेतील डोपामिन मूत्रपिंड वाचवते, ही जुनी समजूत २००० मधील ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीने मोडीत काढली. द्रवाचा अतिरेकही घातक ठरतो : फुप्फुसांत पाणी साचते आणि मूत्रपिंडांना सूज येते.

सिंधुदुर्गातील संदर्भ : लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात येतात, लावणीच्या वेळी पायांच्या जखमांतून ते शरीरात शिरतात. ताप, लाल डोळे व पोटऱ्यांचे तीव्र दुखणे ही लक्षणे दिसतात. दुखण्यावर परस्पर वेदनाशामक घेणे मूत्रपिंडांना महागात पडते. या आजारातील इजेत लघवी पुष्कळ होत राहून पोटॅशियम घटू शकते. लघवी होते म्हणून निर्धास्त राहता येत नाही. फुप्फुसांत रक्तस्राव झाल्यास द्रव बेताने द्यावा लागतो. सोबत पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्झोन देतात. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. घोणसदंशात मूत्रपिंडांची इजा विशेष आढळते. तेथे प्रतिसर्पविष वेळेत न दिल्यास नुसता दाब सावरून भागत नाही.

गंभीर रुग्ण ओरोस येथील जिल्हा रुग्णालयात अथवा गोव्यातील बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जातात. मालवण किनाऱ्यावरून बांबोळीचा प्रवास लांबचा असल्याने दाब सावरण्याचे उपचार निघण्यापूर्वीच सुरू करून वाटेतही चालू ठेवावे लागतात. पाठवणीच्या चिठ्ठीत रुग्णाचा नेहमीचा दाब, दिलेला द्रव, झालेली लघवी व घेतलेल्या गोळ्या यांची नोंद असल्यास पुढील डॉक्टरांना लक्ष्य ठरवणे सोपे जाते.