मँचेस्टरहून कारंज्याला

वाशीम शहराला आगगाडी मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. पण आज याच जिल्ह्यात असलेल्या कारंजा लाडनं इंजिनाची शिट्टी त्याच्या कितीतरी आधी ऐकली. मूर्तिजापूर-यवतमाळ या अडीच फुटी नॅरोगेजवरची ती ‘शकुंतला’.

या मार्गाचं मूळ वऱ्हाडच्या कापसात आहे. किलिक निक्सन या इंग्रजी पेढीनं 1910 मध्ये त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. गाड्या चालवायची जीआयपी रेल्वे, पुढे मध्य रेल्वे. रुळांची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही कंपनीकडेच राहिली. यवतमाळ, दारव्हा, कारंजा भागातला कापूस मूर्तिजापूरला यायचा. तिथं रुळांची रुंदी बदलायची, म्हणून नॅरोगेजच्या वाघिणीतली प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या गाडीत चढवावी लागे. मग मुंबई, आणि तिथून काही माल जहाजानं थेट इंग्लंडच्या गिरण्यांत.

ज्या मँचेस्टरला कापूस जायचा, तिथूनच इंजिनही आलं. 1921 साली बांधलेलं झेडडी जातीचं हे इंजिन 1923 मध्ये कामाला लागलं. गाडी हलण्याच्या काही तास आधीच आग पेटवावी लागे. फायरमननं कोळसा भट्टीत नुसता टाकून भागत नसे. तो सारखा पसरायचा, राख खाली पाडायची आणि नजर पाण्याच्या काचनळीवर ठेवायची. पाणी उतरलं आणि भट्टीचं छत उघडं पडलं, की बॉयलर फुटण्याचं भय.

इंग्लंडमधलं ‘मॅलार्ड’ हे वाफेचं इंजिन जगाला माहीत आहे. 3 जुलै 1938 रोजी ताशी 126 मैल, म्हणजे 203 किलोमीटर वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम त्यानं केला. तो आजही त्याच्याच नावावर आहे. ते 1938 मध्ये रुळावर आलं आणि 1963 मध्ये निवृत्त झालं. आता यॉर्कच्या संग्रहालयात आहे. म्हणजे नोकरी 25 वर्षांची. आमच्या इंजिनानं 70 वर्षं काढली! संथ वेग आणि हलकी गाडी याचं श्रेय आहेच, पण माझ्या मते मोठा वाटा आहे तो त्याला दुरुस्त करून चालतं ठेवणाऱ्या कामगारांचा. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, ही गोष्ट मला खटकते.

15 एप्रिल 1994 रोजी आमचं इंजिन थांबलं आणि डिझेल इंजिन आलं. वाशीम जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला, म्हणजे स्वतंत्र जिल्ह्यानं हे इंजिन धावताना पाहिलंच नाही. पुढे डिझेलची गाडीही बंद पडली.

कारंजा, दारव्हा, मूर्तिजापूरच्या ज्या घरांत कुणी ड्रायव्हर, फायरमन, गार्ड किंवा फिटर होते, त्यांना विनंती आहे: जुने फोटो, ड्युटीचे कागद रद्दीत देऊ नका. आणि घरातली म्हातारी माणसं बोलती आहेत तोवर त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.