हट्टी पिन आणि बदली माणूस

आमच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा काही मंडळी हसली. वसंत ऋतूतल्या या व्यासपीठावरून संतांचे वाङ्मय, पानिपत, पंचवार्षिक योजना अशा विषयांवर बोलले जाते. तेथे पिस्तुलाची पिन कशाला, असे त्यांना वाटले असेल. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण फिटरच्या बाकावर आणि नगर वाचनालयाच्या जुन्या कपाटांपुढे झाले. तेव्हा ज्या वस्तूला आमचा हात लागला आहे, तिच्यापासूनच आम्ही इतिहासात शिरू, हे श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

सतराव्या वर्षी आम्ही एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात एका दातचक्रातली पिन काढण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही ठोकत राहिलो. पिन हलेना, उलट तिचे डोके छत्रीसारखे पसरले. मोठा हातोडा उचलणार एवढ्यात मागून मिस्त्री आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरा, आधी दोन्ही टोकं बघ." पाहिले तर एक टोक किंचित जाड, दुसरे बारीक. पिन निमुळती होती आणि आम्ही ती अर्धा तास आत घट्ट बसवीत होतो! मिस्त्रींनी घासलेटात तेल मिसळून थेंब सोडले, चहा पिऊन येईतो तिला तसेच ठेवले. मग खाली लाकडाचा आधार देऊन, बारीक टोकावर पिनेपेक्षा जरा लहान पंच ठेवून दोन नेमके ठोके दिले. पिन सुटली. त्या महिन्यात खराब झालेल्या पिनेचे पैसे आमच्या पगारातून कापले गेले, हेही सांगून टाकतो. युनियनचे पहिले सभासदत्व आम्ही त्यानंतरच घेतले.

पिस्तूल प्रथमच उघडणाऱ्याची गत याहून वेगळी नसते. हत्यार रिकामे आहे ना, हे दोनदा पाहून झाले की तो पहिल्या पिनेशी अडतो. तिला गंज धरलेला असतो, किंवा तो उलट्या बाजूने ठोकत असतो, किंवा आतली एखादी दाबलेली स्प्रिंग तिला धरून बसलेली असते. त्याला वाटते, आपला जोर कमी पडला. वास्तविक कमी पडलेली असते ती माहिती. ही माहिती कोणाजवळ असावी, एका कारागिराजवळ की सर्वांजवळ, या प्रश्नावर दोन खंडांत शंभर-सव्वाशे वर्षे झगडा चालला. तोच आजचा आमचा विषय.

जुनी बंदूक कशी होती ते आधी पाहू. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेकरिता बनविलेली आणि पुढे १७९० च्या दशकात खुद्द इंग्रज सरकारने उचललेली 'इंडिया पॅटर्न' बंदूक घ्या. तिची नळी लाकडी दांड्याला आडव्या पिनांनी जखडलेली असे. प्रत्येक पिनेचे भोक त्या त्या दांड्यात, त्या त्या नळीपुरते पाडलेले. एका बंदुकीची पिन दुसरीत नीट बसेलच असा भरवसा नाही. पिना वारंवार काढाव्यात तर लाकडाची भोके झिजत आणि कडा तुटत. चापाच्या यंत्रातला प्रत्येक तुकडा कारागिराने कानशीने घासून शेजारच्या तुकड्याशी जुळविलेला असे. लढाईत एक तुकडा मोडला की बंदूक कारागिराची वाट पाहत पडून राही. अशा बंदुकीत शिपाई परावलंबी होता. परंतु कारागिराचा मान मोठा होता, हेही विसरता येत नाही.

या व्यवस्थेला पहिला धक्का फ्रान्समध्ये बसला. ओनोरे ब्लां नावाच्या बंदूक-कारागिराने चापाचे सुटे भाग एकाच मापाचे बनविण्याची पद्धत बसविली. १७८५ साली अमेरिकेचे तेव्हाचे फ्रान्समधील वकील टॉमस जेफरसन त्याच्या कारखान्यात गेले. त्यांच्यापुढे पन्नास चापांचे सुटे भाग ठेवण्यात आले. जेफरसननी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चाप जुळविले आणि ही हकीकत मायदेशी कळविली. पण फ्रान्समधल्या बंदूक-कारागिरांना ही पद्धत रुचली नाही. त्यांना आडमुठे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. ज्याच्या पोटाचे साधन त्याच्या हाताच्या कसबात आहे, त्याला ते कसब साच्यात ओतलेले पाहून आनंद कसा व्हावा?

अमेरिकेत हा विचार रुजला. तेथे एलाय व्हिटनी यांचे नाव फार गाजले. १७९८ साली त्यांनी दोन वर्षांत दहा हजार बंदुका देण्याचा करार केला आणि १८०१ साली बड्या मंडळींपुढे सुट्या भागांतून चाप जुळवून दाखविले. पण शेवटच्या बंदुका पोचायला १८०९ साल उजाडले. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या बंदुका तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग परस्परांत बदलता येत नाहीत असे आढळले. पुढाऱ्यांपुढचे प्रात्यक्षिक आणि बाकावरचे काम यांत अंतर असते. आम्हां कामगारांना हे इतिहासाने शिकवायला नको!

ज्यांनी खरे काम केले त्यांची नावे कमी ऐकू येतात. त्यांत सिमीअन नॉर्थ हे मूळचे शेतकरी, पुढे विळे-कोयते घडविणारे. १७९९ साली त्यांनी पाचशे पिस्तुलांचा करार घेतला. १८१३ साली त्यांना वीस हजार पिस्तुलांचा करार मिळाला. त्यात अट होती की, कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग वीस हजारांतल्या दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलात बसला पाहिजे. त्यांचे समकालीन जॉन हॉल यांनी हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात यंत्रे आणि मापक गेज यांचा असा मेळ बसविला की, १८२७ च्या सुमारास झालेल्या तपासणीत त्यांच्या रायफली खोलून, भाग मिसळून पुन्हा जुळविल्या, तरी त्या चालल्या. पुढे नॉर्थ यांनीही हॉल यांच्या रायफली बनविल्या. दोन दूरच्या कारखान्यांत बनलेले भाग एकमेकांत बसू लागले.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच हार्पर्स फेरीत १८४१ साली लष्करी अधिकाऱ्याची देखरेख आली आणि घड्याळाचा अंमल सुरू झाला. तोवर कारागीर नगावर काम करी. नग पुरा झाला की आपल्या मर्जीने घरी जाई. आता घंटा झाली की हजर, घंटा झाली की सुट्टी. १८४२ च्या मार्चमध्ये कारागिरांनी काम बंद केले, कालव्याची नाव भाड्याने घेतली आणि थेट वॉशिंग्टनला अध्यक्ष टायलर यांच्या भेटीस गेले. अध्यक्षांनी त्यांचे ऐकून घेतले, आणि कामावर परत पाठविले. शिष्टमंडळाची अशी बोळवण आमच्या ओळखीची आहे.

मग उजाडले १९११ साल. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकन सैन्याने जॉन ब्राउनिंग यांनी आराखडलेले कोल्ट पिस्तूल स्वीकारले. ते १९८५ पर्यंत तेथल्या सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. त्याची एक खुबी पाहा: मुठीच्या फळ्यांचे स्क्रू सोडले, तर ते खोलायला वेगळे हत्यार लागत नाही, सुटलेला एक भाग पुढचा भाग काढायला उपयोगी पडतो. मुठीमागच्या घराला धरणारी पिन नवख्याला हट्टी वाटते, कारण तिच्या खाचेत स्प्रिंगने रेटलेला एक खुंट बसलेला असतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो योग्य दाब देऊन ती ढकलतो. ज्याला ठाऊक नाही, तो हातोडा शोधतो. खंदकातल्या साध्या शिपायाला आपले हत्यार आपल्या हाताने समजावे, ही त्यामागची दृष्टी. तिला आम्ही मनापासून मान देतो.

पण त्याच वर्षी, त्याच शस्त्रखात्याच्या वॉटरटाउन येथील कारखान्यात टेलरसाहेबांची पद्धत ओतशाळेपर्यंत पोचली. ओतकाम करणाऱ्यांच्या मागे एक माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. एका कामगाराने अशा मोजणीखाली काम करण्याचे नाकारले, त्याला काढून टाकले आणि ऑगस्टमध्ये सारे ओतकामगार बाहेर पडले. संप आठवडाभराचा, परंतु त्यातून अमेरिकी काँग्रेसची चौकशी झाली, आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांत असे घड्याळ लावण्यास खर्चाच्या कायद्यानेच बंदी झाली. एका खात्याने एकाच वर्षी शिपायाला यंत्राचे ज्ञान दिले आणि कामगाराकडून त्याच्या वेळेचा ताबा काढून घेऊ पाहिले. या दोन घटना आम्ही शेजारी ठेवतो, कारण पुस्तकांत त्या निरनिराळ्या प्रकरणांत सापडतात.

आमच्या मुंबईच्या गिरण्यांत एक शब्द होता: बदली कामगार. सकाळी फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या मागावर जायचे, नसेल तर घरी परतायचे. त्या शब्दाकडे आम्ही नॉर्थ यांच्या अटीच्या उजेडात पाहतो. तुकडा बदली असावा, यात कल्याण आहे. त्याने शिपाई, शेतकरी, शिवणयंत्र चालविणारी बाई, सगळ्यांची अडचण दूर झाली. गाव सोडून शहरात न जाता सायकलची पिन मिळते, ती या पद्धतीमुळेच. चूक झाली ती पुढे. तुकड्याला लावलेले गेज माणसालाही लावता येईल, असे मालकाला वाटू लागले. आज कंत्राटी पद्धतीत आमची पोरे त्याच फाटकाशी उभी आहेत. फक्त शब्द बदलला आहे.

म्हणून फ्रान्सच्या कारागिरांप्रमाणे साच्याला विरोध करा, असे आम्ही सांगत नाही. तो लढा हरलेलाच होता. आम्ही म्हणतो, ज्ञान सर्वांचे होऊ द्या, पण ज्याच्या हातातून ते निघाले त्याची भाकरी आणि वेळ यांचा हिशेब त्याला विचारून करा. वॉटरटाउनच्या ओतकामगारांनी तेवढेच मागितले होते.

त्या मिस्त्रींना निवृत्त होऊन वर्षे झाली. पुढे आम्ही वाटाघाटीला बसू लागलो, तेव्हा एकदा एका करारावर महिनाभर अडलो होतो. मालक हलेनात, आम्हीही मोठा हातोडा उचलण्याच्या बेतात होतो. मिस्त्रींच्या घरी गेलो, सगळे सांगितले. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "दुसऱ्या टोकाकडून पाहिलंस का?" पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही पगारवाढीचा आकडा बाजूला ठेवून पाळ्यांच्या वेळांपासून बोलणे सुरू केले. करार आठ दिवसांत झाला.