कळ, अक्षर आणि तक्ता



कामगार चळवळीत वाढलेल्या आमच्यासारख्याने संगणकाच्या कळफलकावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण बोटांवर पोट भरणाऱ्यांचा प्रश्न जेथे आहे तेथे आमचे काम आहेच. म्हणून एका हकीकतीपासून आरंभ करतो.

१९९८ च्या सुमारास बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कचेरीत मराठी टाइपरायटर गेले आणि संगणक आले. तेथील टंकलेखक बाईंचा हात असा, की कळफलकाकडे न पाहता त्या पानेच्या पाने उतरवीत. नव्या यंत्रावर त्यांची गती निम्म्याहून खाली आली आणि त्यांना आवक-जावकच्या मेजावर बसविण्यात आले. त्या आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, बोटं तीच आहेत हो, अक्षरं जागची हलली." आम्ही पगारासाठी भांडलो, पगार वाचविला आणि जिंकलो असे मानले. अक्षरे कोणी हलविली, हे मात्र विचारले नाही.

आता जरा मागे जाऊ. टाइपरायटरात कळ आणि अक्षर पोलादाने जखडलेली असतात. कळ दाबली की तिचाच दांडा उठतो आणि त्याच्या टोकावरचा ठसा कागदावर पडतो. शोल्स यांना अमेरिकेत १८६८ साली पेटंट मिळाले व १८७४ साली रेमिंग्टनने ते यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला आणि २००९ साली ते उत्पादन थांबविले. देवनागरी यंत्रावर अर्ध्या अक्षरांना स्वतंत्र कळ असे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण कागदावर ती आधी दिसते. थोडक्यात, हात डोळ्याच्या क्रमाने चाले.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही रचना ठरविली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. तिचा पाया वर्णमालेचा आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. 'पालघर' लिहायचे तर इंग्रजी एच, ई, एन, शिफ्टसह आय आणि शेवटी जे, अशी बोटे पडतात. येथे वेलांटी अक्षरानंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. भारतातल्या निरनिराळ्या लिप्यांना एकच बैठक मिळाली, ही गोष्ट मोठीच. पण ज्यांचा हात वीस वर्षे डोळ्याच्या क्रमाने चालला, त्यांना तो कानाच्या क्रमाने नव्याने चालवावा लागला.

तेव्हा हात बदलणे अपरिहार्य होते काय? नव्हते, आणि ते का, हे पडद्यावर खिडक्या उघडणाऱ्या व्यवस्थेकडे पाहिले की कळते. मॅसेच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९८४ साली 'एक्स' नावाची अशी व्यवस्था जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली निघाली. तिच्यात कळ अक्षर पाठवीत नाही, फक्त एक क्रमांक पाठविते. आजच्या साधारण लिनक्स संगणकावर के या कळीचा क्रमांक ४५. या क्रमांकाचा अर्थ एका तक्त्यात लिहिलेला असतो: शिफ्टविना काय, शिफ्टसह काय. इंग्रजी तक्त्यात ४५ म्हणजे के, इनस्क्रिप्टच्या तक्त्यात क. हे तक्ते साध्या मजकुराच्या फायलींत असतात, आणि ज्याला वाचता येते त्याला ते बदलताही येतात. आता एक्सची जागा बऱ्याच ठिकाणी वेलँडने घेतली असली, तरी तक्त्यांची ही पद्धत तिनेही चालू ठेवली आहे.

एवढ्यावर सारे भागते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तक्ता साधारणतः एका कळीला एक चिन्ह देतो. टाइपरायटरचा अर्धा क संगणकाच्या हिशेबात दोन चिन्हांचा, म्हणजे क आणि पायमोड यांचा. आधी मारलेली वेलांटी नंतरच्या अक्षरापुढे नेऊन ठेवायची, तर कोणी तरी क्षणभर थांबून पुढच्या कळीची वाट पाहिली पाहिजे. त्यासाठी तक्त्यावर दुसरा कार्यक्रम बसवावा लागतो. असे कार्यक्रम लिहिले गेले आहेत आणि जुना हात त्यांवर चालतो.

या कामात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने 'इंडिक्स' या प्रकल्पात एक्सवर भारतीय लिप्या आणण्याचे काम केले. तेथे अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी 'रघु' हा देवनागरी टंक घडविला. मराठीची स्वतःची मागणीही आहे. 'शेतकऱ्यांचा' लिहायला ऱ हवा, 'पालघरकडून वळण' म्हणायला ळ हवा. इनस्क्रिप्टमध्ये हे दोन्ही शिफ्टने मिळतात. परंतु 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडले. संकेतांच्या यादीत ज्याला जागा नाही, ते अक्षर लिहायला बोटे कितीही कुशल असली तरी उपयोग नाही.

आता पुन्हा त्या बाईंकडे. त्या काळच्या मराठी लेखनाच्या कार्यक्रमांतही टाइपरायटरची रचना निवडण्याची सोय असे. ती त्यांना कोणी दाखविली नाही, आणि आमच्या अज्ञानामुळे आम्हीही मागितली नाही. पगाराचा तक्ता आम्ही ओळ अन् ओळ वाचीत होतो. कळफलकालाही तक्ता असतो, हे आमच्या गावी नव्हते. बाईंचे कसब मात्र त्या आवक-जावकच्या मेजावर विझून गेले.

पोलादातले अक्षर हलविणे अवघड होते. तक्त्यातले अक्षर माणसाने लिहिलेले आहे. जे माणसाने लिहिले त्यावर बोलणी होऊ शकतात. कारखान्यात वा कचेरीत नवे यंत्र येईल तेव्हा मजुरीच्या कलमाशेजारी आणखी एक कलम मागावे: कामगाराच्या हातातले कसब या यंत्रावर कसे टिकेल, ते लिहून द्या. आम्ही हे उशिरा शिकलो. तुम्हांला तेवढा उशीर होऊ नये, एवढ्यासाठीच आज येथे उभे राहिलो.