वाऱ्याची वाट

२००८ साली बाबांच्या बोनसमधून आमच्या डोंबिवलीच्या घरात असेम्बल्ड पीसी आला. मे महिन्यात तो गेमच्या मध्येच बंद पडायचा. मी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि समोर टेबल फॅन लावला.

ही डोकेदुखी जुनीच. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आतली तार तापल्याशिवाय ट्यूब चालतच नाही. तिथे उष्णता हा बिघाड नव्हता, कामाचाच भाग होता. ट्रान्झिस्टर आले, ती तार गेली. पण मग लाखो ट्रान्झिस्टर नखाएवढ्या चिपवर बसले आणि नव्वदच्या दशकात प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा आला.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना आणली. सुरुवातीची कल्पना अशी, की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडायची. पण एसएमपीएसमधून येताना ती हवा आधीच तापायची. पुढे दिशा उलटली: समोरून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर.

मी नेमकी तीच वाट मोडली होती. उघड्या कॅबिनेटमध्ये हवा कुठूनही शिरायची आणि रस्त्यावरची धूळ हीटसिंकच्या पात्यांत साचायची. वर्षभरात मदरबोर्ड गेला. बाबा काहीच बोलले नाहीत. नवा घ्यायला पुढचा बोनस यावा लागला.

आई मात्र तेव्हाही सांगायची, "नुसती खिडकी उघडून काय होतंय? समोरचं दारही उघड."