काढ्यात काय आहे, आई?



लेक बाळंतपणासाठी मालवणला आली आहे. नातू दोन महिन्यांचा झाला. बाहेर आषाढाचा पाऊस, घरात कपडे वाळत नाहीत, आणि त्यात तिला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, घसा धरलेला, रात्री खोकला. मी लगेच सुंठ, मिरी आणि गूळ घालून काढा उकळला. तिने पेला हातात घेतला आणि विचारलं, "आई, काढ्यात काय काय आहे? दुधातून बाळाला जाईल ना ते?"

खरं सांगते, मला राग आला. तुम्हाला काय आम्ही वाढवलं नाही का, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी गप्प बसले. कारण हाच प्रश्न १९८६ साली मी विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता.

तेव्हा माझा मोठा मुलगा पावणेदोन महिन्यांचा होता. बाळंतपण सासरीच झालं होतं. घरात दुकान, माणसं जास्त, आणि चातुर्मास सुरू. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं उरकायची म्हणून दुपारी तीनपासून चूल पेटलेली. सव्वा महिना झाला म्हणून मीही कामाला लागले होते. सर्दी झाली, खोकल्याने रात्रीची झोप जाऊ लागली. यांनी बाजारातल्या औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणली. दोन चमचे घेतले की छान झोप लागे. दोन दिवसांत मी चार-पाच वेळा घेतली. मी बी.कॉम. झालेली. दुकानाच्या वहीतली चार आण्यांची चूक शोधून काढत असे. पण त्या बाटलीवर काय लिहिलं आहे, ते वाचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ दूध प्यायला उठेना. तळव्याला टिचकी मारली तरी कुरकुर करून पुन्हा झोपे. शेजारच्या काकी आल्या होत्या. त्यांनी त्याला मांडीवर घेतलं, डोळे बघितले आणि म्हणाल्या, "अगो बाय, पोराक अफू दिलंस की काय?"

मी रडकुंडीला आले. अफू कुठली? डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही काय घेताय?" बाटली मागवली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: कोडीन. म्हणाले, "हे आजपासून बंद. दूध मात्र बंद करू नका." दिवसभर त्यांनी बाळाला डोळ्यांसमोर ठेवलं. संध्याकाळी तो भुकेने मोठ्याने रडला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

काकींना अफू कशी सुचली, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्यांचा जन्म परळच्या चाळीतला, १९२० च्या आसपासचा. आई गिरणीत होती. त्या काळी मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीकडची माणसं बोटीने मुंबईला जात आणि गिरणीत लागत. मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त कामगार जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने दिले, आणि आपलं मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. बाया बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत कामावर परतत. मागे राहिलेलं तान्हं रडू नये म्हणून त्याला "बाळागोळी" देत. बाळागोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. काकींच्या पाठचा भाऊ असाच झोपला तो उठलाच नाही.

मला वाटलं होतं, ही एखाद्या घरातली गोष्ट असेल. पुढे वाचनात आलं की ती घरोघरची होती. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स नावाच्या एका स्त्री डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. त्यात त्यांनी लिहिलं की गिरणीकामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. त्याआधी १८९३ ते १८९५ या काळात अफूवर नेमलेल्या ब्रिटिश आयोगापुढेही, मुलांना अफू देणं इथे सर्रास आहे, असं साक्षीदारांनी सांगितलं होतं.

इथे आपण स्वतःकडेही बघायला हवं. मालव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात पारशी, गुजराती, मारवाडी पेढ्यांबरोबर आपले जैन सावकारही होते. मुंगीला जपणाऱ्या समाजाच्या वह्यांत अफूचीही खाती होती. मला वाटतं, हे लपवण्यापेक्षा आठवणीत ठेवलेलं बरं.

आता अफू आणि माझी बाटली यांचं नातं सांगते. अफूच्या चिकातून १८३२ मध्ये रोबिके नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने कोडीन वेगळं काढलं. खोकला दाबायला ते फार उपयोगी ठरलं. (१८९८ मध्ये तर जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइनही खोकल्याचं औषध म्हणून विकायला काढलं होतं!) कोडीन पोटात गेलं की त्याचा काही भाग यकृतात मॉर्फिन होतो. काही जणांच्या शरीरात हे फार वेगाने होतं. अशा आईच्या दुधात मॉर्फिन जास्त उतरतं, आणि तान्ह्या बाळाला ते लवकर बाहेर टाकता येत नाही.

२००५ मध्ये कॅनडातल्या टोरांटोमध्ये एक बाळ तेराव्या दिवशी दगावलं. आई बाळंतपणाच्या दुखण्यासाठी कोडीनच्या गोळ्या घेत होती. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकीकत आली. मृत्यूचं कारण दूधच होतं का, यावर पुढे तज्ज्ञांत वाद झाला. पण धोका नको म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की अंगावर पाजणाऱ्या आईने कोडीन घेऊ नये. काकींना हे बाळाच्या डोळ्यांवरून ३१ वर्षं आधी कळलं होतं.

आणि मूळ तत्त्व तर त्याहून कितीतरी जुनं आहे. सुश्रुतसंहितेत मुलांचे तीन प्रकार सांगितले आहेत: नुसतं दूध पिणारं क्षीरप, दूध आणि अन्न दोन्ही घेणारं क्षीरान्नाद आणि अन्न खाणारं अन्नाद. क्षीरप बाळ आजारी असेल तर औषध दूध पाजणारीला द्यावं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे आईने घेतलेलं औषध बाळापर्यंत पोचतं, हे आपल्या लोकांना तेव्हाच ठाऊक होतं. मला हे वहीसारखं वाटतं. आईच्या खात्यावर जे पडतं, त्याची थोडी नोंद बाळाच्या खात्यावर होतेच. काही नोंदी क्षुल्लक असतात, काही नसतात. कुठली कशी, तेवढं विचारायचं.

त्या दिवशी लेकीने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर काय म्हणाले, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

दूध थांबवायचं नाही. पूर्वी आईला सर्दी झाली की बाळाला डब्याचं दूध सुरू करत. पण आईच्या अंगात सर्दीशी लढणारी जी प्रतिद्रव्यं तयार होतात, तीच दुधातून बाळाला मिळतात. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीतही जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितलं: तोंडाला मास्क लावा, हात धुवा आणि पाजत राहा.

अंग दुखत असेल किंवा ताप असेल तर साधं पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढंच. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या. वाफ घ्यायची, पण बाळ दुसऱ्या खोलीत ठेवून. उकळतं पातेलं आणि तान्हं मूल एका खोलीत नको.

सर्दीची "सगळं एकातच" असलेली गोळी स्वतःच्या मनाने नको. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी दूध कमी होतं. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये आठ मातांवर झालेल्या अभ्यासात स्यूडोएफेड्रिनच्या एकाच मात्रेने त्या दिवसाचं दूध सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी बाळही पेंगुळतं. अ‍ॅस्पिरिन नको. कोडीन तर नाहीच.

आता आपल्या घरातलं. आपण ओलं आलं खात नाही, पण सुंठ चालते. पेलाभर काढ्याला चिमूटभर सुंठ, दोन मिरीदाणे आणि गूळ, दिवसातून दोनदा, एवढं डॉक्टरांनाही चाललं. मध आपल्याला वर्ज्य, म्हणून बाळाला मध चाटवायची पद्धत आपल्या घरात नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत तान्ह्या मुलांचा बॉट्युलिझम नावाचा आजार ओळखला गेला. त्याचे जंतू मधातून येऊ शकतात. म्हणून एक वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचाच नाही. छातीला ब्रँडी चोळणं, चमचाभर पाजणं, हेही आपल्याकडे नव्हतं. आपल्या व्रतांनी इथे आपल्याला सांभाळलं.

पण फार ताठ मानेने वावरू नये. आमच्याकडे कापूर आणि ओव्याची पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवत. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ कापूर किंवा कापराचा बाम नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मी ती पुरचुंडी काढून टाकली. ओव्या-शेपांची धुरीही बंद केली.

आणि हे लक्षात ठेवा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, जोराचा श्वास, दूध न ओढणं, नेहमीपेक्षा जास्त झोप, यातलं काहीही दिसलं तर काढा नाही, वाट बघणं नाही, सरळ डॉक्टर.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी सांगितली नाही, ती काकींनी आणि सासूबाईंनी शिकवली. गिरणीतली बाई बाळाला अफू का देत होती? तिला बाळ नको होतं म्हणून नाही. तिला सुट्टी नव्हती म्हणून. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला आणि गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधी तीन आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे भत्ता मिळू लागला. १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला, आणि २०१७ पासून ती रजा २६ आठवड्यांची झाली.

पण घरातल्या सुनेला कुठला कायदा? मीही ती बाटली झोपेसाठीच घेत होते. पहाटे उठून कामाला लागायचं होतं. त्या दिवशी डॉक्टरांकडून परत आल्यावर सासूबाईंनी माझ्या हातातली परात काढून घेतली. म्हणाल्या, "आठ दिवस तू स्वयंपाकघरात दिसायची नाहीस." जाऊबाईंनी रात्री बाळाला फिरवायचं काम घेतलं. मी झोपले. पाचव्या दिवशी खोकला गेला, काहीही न घेता.

सर्दी आपल्या वेळेनेच जाते. तोवर बाईला झोप लागते, आणि ती कुणीतरी तिला द्यावी लागते. आपण दिली नाही की ती बाटलीत शोधते.

लेकीला मी काढ्यात काय काय आहे ते सांगितलं. तिने तो प्यायला आणि झोपली. नातू आता माझ्या मांडीवर आहे, एका हाताने हे लिहिते आहे. तुमच्या घरी कुणी पाजणारी लेकसून खोकत असेल, तर आधी तिच्या हातातलं काम काढून घ्या. मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, गरज पडली तर चष्मा लावून.

जय जिनेंद्र.