त्रिरश्मीवरचा योनक

परमुलखात गेलेल्या माणसाला तिथे माया लाभली का, आनंद झाला का, मनाला काही गवसले का, हे इतिहासकाराला कळावे कसे? सर्वांत सोपा मार्ग प्रवासवर्णनाचा. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला आणि इथल्या माणसांविषयी लिहून गेला. ही माणसे साधी आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, संकटात कोणी हाक मारली तर स्वतःचा विचार न करता धावून जातात; आणि अपमान झाला तर सूड घेतात, मात्र शत्रूला आधी सावध करून. समाजमाध्यमांवर हे वर्णन फार आवडीने फिरते. सूडाचा भाग तेवढा बहुधा गळतो.

ह्युएन त्संगच्या काही शतके आधी नाशकात आलेल्या एका परक्या माणसाने मात्र प्रवासवर्णन लिहिले नाही. त्याने डोंगर कोरून घेतला. हा धागा त्याच्याविषयी आणि त्याच्या शेजाऱ्यांविषयी.

नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई–आग्रा महामार्गालगत, पांडवलेणी नावाने ओळखली जाणारी २४ लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. शिलालेखांतल्या प्राकृतात ‘तिरण्हु’. यांतल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात एक लेख आहे. दात्याचे नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचे धम्मदेव. तो स्वतःला ‘ओतराह’ म्हणजे उत्तरेकडचा म्हणवतो, गाव दत्तामित्री सांगतो, आणि ओळख ‘योनक’ अशी देतो. योनक म्हणजे यवन. मुळात हा शब्द ग्रीकांसाठी होता, पुढे वायव्येकडून आलेल्या ग्रीकवंशीयांसाठीही तोच रूढ झाला. दत्तामित्री हे नगर डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून वसले असावे, असे अभ्यासक मानतात.

आता नावांकडे नीट पाहा. वडील धम्मदेव. मुलगा इंद्राग्निदत्त, म्हणजे इंद्र आणि अग्नी या वैदिक देवतांनी दिलेला. आणि या दानात ज्याला त्याने सहभागी करून घेतले तो त्याचा पुत्र धम्मरक्खित, धर्माने रक्षिलेला. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. त्रिरश्मीवर एक संध्याकाळ घालवून भारावून गेलेला हा पर्यटक नव्हे. इथल्या श्रद्धा त्याच्या घरात बापाच्या पिढीपासूनच रुजल्या होत्या. तरीही ‘योनक’ ही ओळख त्याने टाकली नाही, आणि ती टाकावी अशी अटही त्याला कोणी घातलेली दिसत नाही. परक्या संस्कृतीत ऊब मिळाली असे म्हणताना या बारकाव्याला फार महत्त्व आहे.

त्याने दिले काय? डोंगरात लेणे खोदवले, आत चैत्यगृह केले, आणि पाण्याची टाकी खोदवली. लेखात त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा शब्द नवा नाही; लेण्यांजवळच्या कातळटाक्याला आजही पोढी म्हणतात. ‘लेणे’ हा शब्दही त्याच लेखातल्या ‘लेण’पासून फार दूर गेलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या यवनाने वापरलेले दोन शब्द आजच्या मराठीत जिवंत आहेत, ही गोष्ट एखाद्या नाण्याइतकीच मोलाची मानायला हवी.

हे सारे त्याने आईवडिलांसाठी केले, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी केले, आणि ‘चातुर्दिश’ भिक्षुसंघाला अर्पण केले. चातुर्दिश म्हणजे चारही दिशांचा. ही जागा एका गावच्या किंवा एका कुळाच्या भिक्षूंची नव्हती. कोणत्याही दिशेने येणाऱ्या भिक्षूचा तिच्यावर हक्क होता. उत्तरेकडून आलेल्या माणसाला हीच कल्पना जवळची वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

अशी दाने देणारा तो एकटा यवनही नव्हता. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या, आणि चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. पाणी आणि जेवण, दूर चालून आलेल्या माणसाला सर्वांत आधी लागणाऱ्या दोन गोष्टी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. भरुकच्छ आणि शूर्पारक (आजचे भडोच आणि सोपारा) या बंदरांकडून घाटमाथ्यावर येणारे व्यापारी मार्ग नाशिकजवळच्या गोवर्धन या गावी पोचत. यवन आले ते व्यापारासाठी, आणि दान दिले ते पत वाढावी म्हणून; यात अध्यात्म कुठे आले? व्यापार हे कारण खरेच आहे. पण त्यातून तो माणूस इथे का आला एवढेच कळते. आईवडिलांच्या नावाने पाण्याची टाकी का खोदवली, हे व्यापारमार्गाच्या नकाशावरून कळत नाही.

दुसरा परका याच डोंगरावर, १० क्रमांकाच्या लेण्यात भेटतो. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, शकवंशीय मानला जाणारा. त्याच्या लेखांत दानांची लांबलचक यादी आहे, आणि खरे सांगायचे तर ती वाचताना थोडा दिखाऊपणाही जाणवतो. पण त्या यादीत प्रवाशाच्या पायांखालची वाट दिसते: भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौसोपी धर्मशाळा, तापी, दमणा, डाहणुका अशा नद्यांवर फुकट नावा, आणि काठांवर सभा व प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा आणि पाणपोया. नावाड्याला पैसे न देता पैलतीरी उतरलेल्या वाटसरूला काय वाटले असेल, ते कुठे कोरलेले नाही. कोरलेली आहे ती सोय.

त्याच्या ४२व्या वर्षाच्या नोंदीतला हिशेब तर थक्क करणारा आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, १,००० वर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. करून पाहा: २,००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०. एकही नाणे इकडेतिकडे नाही. नाशिकच्या पावसात डोंगरावर वर्षावास काढणाऱ्यांच्या अंगावर कोरडे वस्त्र असावे, यासाठी एका शक सरदाराने गोवर्धनच्या विणकरांना कायमचे बांधून घेतले होते.

आणि मग ३ क्रमांकाचे लेणे. इथे सारे अवघड होते.

गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपला नातू पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी हे लेणे भिक्षूंना दिले. तिच्या लेखात दिवंगत मुलाचा गौरव आहे: शक, यवन आणि पहलव यांचा संहार करणारा, क्षहरात वंश निर्मूल करणारा. ज्या डोंगरावर योनकाचे लेणे आहे आणि क्षहरातांच्या जावयाचे दान आहे, त्याच डोंगरावर यवनांचा आणि क्षहरातांचा नाश ही स्तुतीची गोष्ट म्हणून कोरलेली आहे. सहिष्णुतेचे गोड चित्र रंगवणाऱ्यांना हा लेख अडचणीचा वाटतो, तर ‘परकीयांचा पाडाव’ एवढेच वाचणाऱ्यांना शेजारची लेणी.

या विजयाचा पुरावाही नाशिक जिल्ह्यातच सापडला. १९०६ साली जोगलटेंभी इथे नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या मुखवट्यावर स्वतःचे चिन्ह. यापेक्षा स्पष्ट राजकीय विधान दुसरे नसेल.

पण त्रिरश्मीवर तसे घडले नाही. उषवदाताचे लेख आजही भिंतीवर आहेत. छिन्नीचे चार घाव पुरले असते, ते कोणी घातले नाहीत. उलट गौतमीपुत्राने १८व्या राज्यवर्षी गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली, की पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत आता त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे. सत्ता बदलली, डोंगरावरच्या पाहुण्यांची व्यवस्था चालू राहिली. या दानाची पुढची कथा तर खास आपल्या महसूल खात्याला शोभणारी आहे. सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, लक्षात आले की ते शेत कोणी कसत नाही आणि ते गावही वसलेले नाही. मग त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने देण्याची नवी आज्ञा निघाली. तीही तिथेच कोरलेली आहे.

तिसऱ्या शतकात सातवाहनही गेले आणि नाशकावर आभीरांचा अंमल आला. राजा ईश्वरसेनाच्या ९व्या वर्षी १० क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे उषवदाताच्याच दारी, आणखी एक लेख कोरला गेला. दाती विष्णुदत्ता: शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची आई, आणि ‘शकनिका उपासिका’. आईचे, मुलीचे, पत्नीचे नाते सांगून झाल्यावरही ती स्वतःला शक म्हणते, इंद्राग्निदत्त स्वतःला योनक म्हणतो तसेच.

तिने ठेव ठेवली ती आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. चारही दिशांनी येऊन त्रिरश्मीवर राहणाऱ्या संघात कोणी आजारी पडला, तर त्याच्या औषधाचा खर्च त्या व्याजातून व्हायचा. पैसे तिने वेगवेगळ्या श्रेणींकडे विभागून ठेवले: कुंभारांकडे, पाणी उपसण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे २,०००, तिळाचे तेल गाळणाऱ्या तेल्यांकडे ५००.