चढावर जन्मलेला गिअर

वैभववाडीहून गगनबावड्याकडे करूळ घाट चढताना आठशे सीसीची भरलेली गाडी चौथ्यावर दम सोडते. तिसरा, मग दुसरा टाकावाच लागतो. आणि ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हा धडा कोल्हापूरकडच्या नव्या ड्रायव्हरला पहिल्याच कोकण फेरीत मिळतो. छोटं इंजिन आणि मोठा चढ, या जोडीनंच हाताने टाकायचा गिअर घडवला.

1890च्या दशकात पॅरिसच्या पानार-लेव्हासॉर कंपनीने शाफ्टवर दातेरी चाकं सरकवून वेग बदलायची पद्धत रूढ केली. ती चालली, पण टॉपलाही ताकद दात्यांतूनच जायची आणि वाया जायची. 24 डिसेंबर 1898 रोजी लुई रेनो या 21 वर्षांच्या पोराने आपली चिमुकली गाडी माँमार्त्रच्या र्‍यू लपिकच्या खड्या चढावर नेऊन दाखवली. तिच्या टॉप गिअरमध्ये इंजिनाचा फेरा थेट पुढे जात होता. त्याच रात्री त्याला गाड्यांच्या ऑर्डरी मिळाल्या.

पण गिअर टाकताना दात करकरत. डबल क्लच मारायची, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायची, कला यायलाच हवी होती. 1928 मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला आणि ही कटकट संपत गेली. गिअरबॉक्स उघडला की त्यातली पितळी सिंक्रो रिंग हातात घेऊन बघावी. आतल्या उतरत्या बाजूवर केसाएवढ्या बारीक खाचा असतात. त्या खाचा ऑइलचा थर कापतात, रिंग गिअरला घट्ट धरते आणि दोघांचे फेरे जुळल्यावरच दात आत जाऊ देते. खाचा झिजल्या की गिअर पुन्हा करकरतो.

आपल्याकडे प्रीमिअर पद्मिनीत गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळ होता. पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो नीट पडत नसे. लिंकेजचे बुश झिजले की दांडा मध्येच अडके, मग भर चौकात बॉनेट उघडून तो हाताने सोडवायचा. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि मध्यमवर्गाच्या डाव्या हाताला दोन सीटांमधला छोटा दांडा मिळाला. चार गिअर, हलका क्लच. माझ्या मते आपल्या देशाला गाडी चालवायला शिकवलं ते या दांड्याने.

अमेरिकेत 1939 पासूनच हायड्रामॅटिक, म्हणजे ऑइलमधून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक गिअर, मिळू लागला होता. तिथे इंजिनं मोठी आणि पेट्रोल स्वस्त. आपल्या छोट्या इंजिनाला ऑइलमध्ये ताकद घालवणं परवडणारं नव्हतं. पायाला आराम ही फार काळ श्रीमंतांचीच चैन राहिली. दसऱ्याला कोल्हापूरचे छत्रपती ज्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात, ती बनवणारी जर्मन कंपनी 1930च्या दशकातच व्हॅक्यूमच्या जोरावर बदलणारे गिअर देत होती. छोट्या गाडीपर्यंत स्वस्त उपाय पोचला तो 2014 मध्ये, मारुती सेलेरिओच्या एएमटीतून, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरमधून. गंमत अशी की एएमटीच्या आत तोच जुना मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर सरकवायचं काम तेवढं यंत्राकडे गेलं. खुद्द रेनोने 2016 मध्ये क्विडच्या एएमटीत दांड्याच्या जागी डॅशबोर्डवर गोल डायल बसवली.

शहराच्या गर्दीत एएमटीसारखं सुख नाही, हे मनापासून मान्य. चढावर मात्र गिअर बदलताना गाडीची ओढ क्षणभर तुटते, आणि नेमक्या त्याच वेळी मागे लाकडाचा ट्रक असतो. म्हणून मॅन्युअल गाडी फक्त खालच्या, कमी सोयींच्या व्हेरियंटपुरती ठेवायचा कंपन्यांचा कल मला पटत नाही. घाटात राहणाऱ्या माणसाला एअरबॅग, मागचा कॅमेरा आणि हाताने टाकायचा दुसरा गिअर हे सगळं एकाच गाडीत मिळायला हवं, आणि शोरूममध्ये तसं ठणकावून मागायलाही हवं.